मिशा कापलेला पतंग

कौशल्याबाईंनी त्या सकाळी पतंगांचा डबा पुढे केलाच नाही.

"मॅडम, मिशा कापल्यावर तुमी ह्यांना बरणीत सोडता. मग त्यांचं काय व्हतं, कधी बघितलंय का?"

दिपालीने बघितलं नव्हतं. चाकणच्या एका लहानशा कंपनीच्या प्रयोगशाळेत ती वांगी पोखरणाऱ्या अळीवर काम करायची. ही अळी मोठी होऊन तिचा नखाएवढा पांढुरका पतंग होतो. मादी गंध सोडते, नर त्या वासावर येतो. तोच गंध बनवून सापळ्यात ठेवला, की शेतातले नर अडकतात. पण बाजारातला गंध उन्हात लवकर विरतो. टिकणारा गंध शोधायचा, तर नराच्या मिशीत तो कसा पकडला जातो ते आधी कळायला हवं होतं; म्हणून ती नरांच्या मिशा कापून तपासायची.

अळ्या वाढवायचं काम कौशल्याबाईंचं. आळंदीहून बसने येत, गळ्यातली तुळशीची माळ पदराआड सारून वांग्याच्या फोडी करत बसत.

त्यांनी दिपालीला मागच्या खोलीत नेलं. एका बरणीत मादी जाळीवर पोटाचं टोक उचलून गंध सोडत बसली होती. बिनमिशांचा नर तिच्यापासून बोटभर अंतरावर नुसता पडून होता. शेजारच्या बरणीतला धडधाकट नर मात्र पंख फडफडवत काचेला धडका देत होता.

"हिच्यापाशी बसलाय, पर ह्याला ती हाय हेच ठावं न्हाई. मारायचं तर एकदम मारा, मॅडम. असलं मधलं नको."

पलीकडच्या कारखान्यातला पत्रे दाबायचा प्रेस धाडधाड वाजत होता. कीटकच तर आहेत, असं दिपालीच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि स्टूल ओढून बसली.

"मावशी, मिशीवर बारीक केस असतात. केसाच्या आत पाणी. मादीचा गंध तेलकट, तो पाण्यात मिसळत नाही. म्हणून तिथलं एक प्रथिन त्याला पोटात घेतं, पाण्यातून पलीकडे नेतं आणि नसेपाशी सोडतं."

"धरलेलं सोडतं कशापायी?"

"नसेच्या जवळ थोडा आंबटपणा असतो. तो लागला, की प्रथिनाचा आकार बदलतो आणि गंध सुटतो. असा आमचा अंदाज आहे. तपासायला ते प्रथिन भरपूर लागतं, आणि एका मिशीत असतं कणभर."

त्या दिवसापासून दिपाली पतंग आधी फ्रीजरमध्ये ठेवू लागली. ते मेल्यावरच कात्री लावायची.

दुसरी वाट तिला माहीत होती. प्रथिनाचा जनुक जिवाणूंमध्ये घातला, की जिवाणूच ते प्रथिन बनवतात. एकदा तिने ते करून पाहिलं होतं; प्रथिनाच्या नुसत्या गुठळ्या झाल्या होत्या. ती प्रमुखांकडे, निरंजन सरांकडे गेली.

"पुन्हा ते? किड्यांसाठी?" सर म्हणाले.

"मावशींसाठी म्हणा हवं तर. आणि माझ्यासाठीही. मला आता त्या बरणीकडे बघवत नाही."

सरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. गुठळ्या पुन्हा झाल्या. दिपालीने त्या विरघळवल्या, प्रथिन हळूहळू नीट घडी घेईल असं पाहिलं. कित्येकदा बिघडलं. रहाटणीच्या घरी ती जेवताना बोलेनाशी झाली, तेव्हा आईने विचारलं, "नोकरी गेली का गं?"

शेवटी एक नमुना जमला. गंधाच्या जागी, प्रथिनाला चिकटल्यावरच चमकणारा एक रंग तिने त्यात घातला आणि कौशल्याबाईंना हाक मारली. पडद्यावर चमक दाखवणारी रेघ उंच होती. दिपालीने आम्लाचे थेंब सोडले. रेघ खाली आली.

"सोडलं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"सोडलं, मावशी!"

बाई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मिशा कापणं थांबलं. प्रथिनाच्या मदतीने निवडलेला नवा गंध पुढच्या हंगामात कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या, धोंडीबा या शेतकऱ्याच्या वांग्याच्या शेतात सापळ्यांत लावला. आठवड्याने दोघी पाहायला गेल्या. सापळ्याच्या पाण्यावर नरांचा थर तरंगत होता. धोंडीबा खूश होते. कौशल्याबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"हे बी मेलेच की."

दिपालीला खोटं बोलवेना. "हो मावशी. मेले."

"वांगी वाचली म्हणायची." त्यांनी उसासा टाकला. मग बांधावरची धूळ पदराने झटकून त्या बसल्या आणि शेजारी दिपालीला जागा केली. "बसा. पिठलं आणलंय. भूक लागली असंल तुमाला."