राक्षसाच्या दालनातला लहान बूट

“जे मोजलंस ते लिही. जे ऐकलंस ते घरी जाऊन सांग.”

आमच्या संग्रहालयाचे जुने व्यवस्थापक पहिल्या दिवशी मला एवढंच म्हणाले होते. माझं अक्षर बरं, म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायला त्यांनी मला घेतलं. ते जाऊन तीन वर्षं झाली, पण पेनात शाई भरताना तो आवाज अजून कानाशी येतो.

त्यांनी मला मोजायला लावलेली पहिली वस्तू म्हणजे आमचा राक्षस. शंभरेक वर्षांपूर्वी नदीकाठची माती काढताना त्याची हाडं सापडली होती. ती जोडायला सुताराला बोलावलं. खोली अरुंद आणि छत उंच. आडवं काही मावेना, म्हणून त्या भल्या माणसाने ते उभं केलं. पुढचे पाय हात झाले. सुळे आधीच कुणीतरी लांबवले होते. सोंडेला हाड नसतं, त्यामुळे तक्रार करायला ती हजर नव्हती. कवटीच्या मधोमध तिचं भोक तेवढं उरलं होतं, तो झाला डोळा. एकडोळ्या राक्षस तयार! व्यवस्थापकांनी मला दाढ मोजायला लावली. विटेएवढी, वर आडवे पट्टे. मग माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली, ‘हत्तीण. फार जुन्या काळची.’ ते म्हणायचे, ठिकठिकाणच्या राक्षसांच्या गोष्टी अशाच कुठल्या तरी मांडीच्या हाडातून निघाल्या असाव्यात. गावाला हे मुळीच आवडलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला घाबरलो तो पाला खाणारा निघाला, हा अपमान कोण सहन करणार?

चार महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. फार हुशार. कुठलीही वस्तू न मोजता तिच्याबद्दल अर्धा तास बोलू शकतात. त्यांनी ‘राक्षस आणि बुटके’ असं नवं दालन काढायचं ठरवलं.

बुटके म्हणजे आमच्या डोंगरातले. जुन्या खाणीत दोन-दोन फूट उंचीची भुयारं आहेत. दिवेलागणीला काळ्या तोंडाचे, पाठीत वाकलेले, वीतभर दिवे घेतलेले बुटके तिथून रांगेने बाहेर पडत, असं गावात सगळे सांगतात. ते आपखुशीने डोंगर खणायचे, काही मागायचे नाहीत, आणि एखादा दिसेनासा झाला तर त्याला कुणी शोधायचंही नाही. असे बुटके कुठल्या खाणमालकाला आवडणार नाहीत?

आमच्या घरात त्यांतला एक बुटका आहे. माझे सासरे. वय चौऱ्याऐंशी. आठव्या वर्षी ते भुयारात शिरले, कारण मोठी माणसं तिथे मावत नसत.

“लोक आम्हाला बघून दारं लावून घ्यायचे,” मामंजी सांगतात. “मग आम्हालाही चेव यायचा. आम्ही मुद्दाम हूऽऽ हूऽऽ करायचो. धाकट्याचा आवाज सगळ्यांत भारी.”

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. सात वर्षांचा. एके दिवशी तो पुढे आणि हे मागे रांगत असताना मध्ये छत बसलं. मुकादमाने भुयाराच्या तोंडाशी दगड रचून ते बंद केलं आणि घरी येऊन त्यांच्या आईला सांगितलं, “बुटक्यांनी नेला.” आईने विश्वास ठेवला की नाही, ते कुणी विचारलं नाही. तोवर गावात ती गोष्ट पक्की झाली होती.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना त्या बाजूचा डोंगर कापला आणि एक बूट सापडला, तो संग्रहालयात आला. माझ्या हाताच्या पंजाएवढा. नाडीच्या जागी तांब्याची तार, दोन वेढे आणि मागच्या बाजूला गाठ. मी घरी सहज बोलले. मामंजींच्या हातातला पेला खाली गेला.

“मागे गाठ? ती मी मारलेली. पुढे मारली की तो सोडून टाकायचा.” मग म्हणाले, “सूनबाई, त्या बुटाखाली त्याचं नाव लिहिशील? त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही गं.”

“लिहीन,” मी म्हटलं.

काचेच्या कपाटात तेव्हा जागा नव्हती, म्हणून बूट खणात राहिला. नव्या दालनात जागा झाली आणि मला वाटलं, देवाने ऐकलं.

आता माझा एक नेम आहे. उठल्यापासून सकाळी साडेनऊपर्यंत मौन. अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोडलं नाही, अगदी घरात विंचू निघाला तेव्हाही नाही. जुने व्यवस्थापक त्या वेळात मला काही विचारतच नसत. नव्या साहेबांना मात्र नेमका सव्वाआठला उत्साह येतो. महिन्यापूर्वी ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“ताई, या नव्या चिठ्ठ्या. छापूनच आणतो, तुमचा त्रास वाचेल. चालेल ना?”

मी हात हलवून नको-नको केलं. त्यांना वाटलं, मी माशी वारतेय.

“मग ठरलं!” म्हणून ते गेलेही. साडेनऊ वाजता मी तोंड उघडलं, तोवर कागद छापखान्यात पोचले होते. माझ्या मौनाचा मला थोडा अभिमान होता, तोही त्या दिवशी उतरला.

काल चिठ्ठ्या लागल्या. हत्तीणीखाली ‘एकडोळ्या राक्षस’. बुटाखाली ‘डोंगरातल्या खोडकर बुटक्याचे पादत्राण’. मी मुद्दाम दुपारी साहेबांकडे गेले.

“साहेब, तो बूट एका मुलाचा आहे. माझ्या चुलत सासऱ्यांचा.”

“अरे वा! म्हणजे तुमच्या घराण्यात बुटके होते?”

“खाणीत मुलं होती, साहेब. त्याचा सख्खा भाऊ माझ्या घरात आहे. उद्या उद्‌घाटनाला येणार आहे, नाव बघायला.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “ताई, मी समजू शकतो. पण नाव लिहिलं की गूढ जातं. लोक इथे आनंदाला येतात. मेलेल्या पोराचा बूट बघायला कोण येईल?”

“खोडकर बुटका मेला तर चालतो का?”

“बुटके मरत नाहीत, ताई. हीच तर त्यांची गंमत.”

त्यांचं खरंच होतं. नाव नसलेलं काही मरत नाही. मी “बरं” म्हटलं. बरं म्हणजे हो नव्हे, पण साहेबांना माशी वारणं आणि नको म्हणणं यांतलाही फरक कळत नाही, त्यांना तो कुठून कळणार?

घरी आले तर मामंजींनी ठेवणीतला सदरा काढून खुर्चीवर पसरला होता.

“लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“उद्या सकाळी लिहिते.”

“मोठ्या अक्षरात लिही गं. मला चष्म्यातूनही धूसर दिसतं.”

आज पहाटे आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून जाड कागदावर लिहिलं. आधी नाव. मग जे मोजलं ते. लांबी साडेसहा इंच. नाडी तांब्याच्या तारेची, गाठ मागच्या बाजूस. बांधणारा, थोरला भाऊ. घालणाऱ्याचं वय सात. काम, खाणीत. हात चालूच होता, म्हणून हत्तीणीचीही एक लिहिली. शंभर वर्षं ती दोन पायांवर उभी आहे, एवढं तर तिचं देणं लागतं.

संग्रहालयाची आणि काचेच्या कपाटांची एकेक किल्ली पुसण्या-झाडण्यासाठी माझ्याकडे असते. उद्‌घाटन नऊला. पाहुणे, फीत, भाषणं, सगळं साडेनऊच्या आत. तोवर मला कुणी काहीही विचारलं, ओरडलं, तरी मला बोलता येणार नाही. अठ्ठावीस वर्षांचा नेम आहे, काय करणार?

दोन्ही चिठ्ठ्या पोथीच्या पानांत ठेवल्या, म्हणजे दुमडणार नाहीत. टाचण्या पदराला लावल्या. मामंजी अजून झोपेत होते, सदरा उशाशी. मी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि चालू लागले.