शेवटच्या अक्षरापासून

"काका, सुरुवात सोडून शेवटच्या अक्षराला काय बसलात?" शेजारचा सायकलवाला चक्रावून म्हणाला. त्याच्या दुकानाची पाटी होती ती.

फळीच्या उजव्या टोकाला पेंटर डाव्या हाताने 'ल' रंगवत होता. उजवा हात पक्षाघातानंतर मांडीवर नुसता पडून होता.

"डावखुऱ्याने पुढून लिहिलं तर ओल्या रंगावरून त्याचाच हात फिरतो," त्याची बायको म्हणाली. "म्हणून मागून यायचं."

लग्नाआधी तिच्या वडिलांच्या दुकानासमोर तो शिडीवर चढून अशाच पाट्या रंगवायचा. कुठला शब्द येतोय ओळखा, म्हणून खालच्या बघ्यांना झुलवायचा, मोठमोठ्याने गायचा. एकदा एक गिऱ्हाईक रंगावरून हुज्जत घालायला लागलं, तर "मग तुम्हीच चढा," म्हणून ब्रश त्याच्या हातात देऊन हा पठ्ठ्या चहाला निघून गेला. ती खिडकीत पोट धरून हसली आणि तिथेच फसली म्हणा ना.

वडिलांनी अट घातली, "डावखुरी माणसं तऱ्हेवाईक. हात बदल, मग मुलगी माग."

त्याने बदलला. उजव्या हाताची अक्षरं सुबक आली, कामंही वाढली. पण गाणं गेलं ते गेलंच. सासरे म्हणतील त्याला हो, गिऱ्हाईक म्हणेल त्याला हो. तिने मुद्दाम भाजी खारट करून पाहिली, तरी "छान झालीय." नशीब काढलंस, किती गरीब नवरा, असं नातेवाईक म्हणायचे. ज्याच्यावर जीव जडला त्यालाच लग्न करून गमावून बसले, हे ती कुणाला सांगणार? हाताचा आणि स्वभावाचा संबंध असतो की नाही, ते डॉक्टर जाणोत. तिच्यापुरता तरी होता.

आजारपणानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शेवटी तिनेच ही पाटी मागून आणली आणि ब्रश त्याच्या डाव्या बोटांत खोचला.

'ल' वाकडा आला, 'क' त्याहून वाकडा. 'य' होईपर्यंत तो घामाघूम झाला.

"पुरे आता," ती म्हणाली. "खाली एक निळी पट्टी मारू, म्हणजे वाकडेपणा दिसणार नाही."

"नाही."

ती बघतच राहिली.

"निळी कशाला? लाल मारणार मी. आणि मधेमधे अक्कल शिकवू नकोस."

सायकलवाला ओशाळला. "आजारपणाने चिडचिड होते, काकू. मनावर घेऊ नका."

"घेणार तर," ती म्हणाली, आणि केस सारखे करत लाल रंगाचा डबा आणायला आत गेली.