सगळ्यात लहान तोंड

मधवाल्या म्हाताऱ्याचा एक हट्ट होता. हंगामाचा पहिला मध घरातल्या सगळ्यात लहान तोंडाने चाखल्याशिवाय एकही बरणी विकायची नाही. तो बोट बुडवायचा, पोराच्या ओठांना लावायचा आणि टक लावून चेहरा बघायचा. पोराने मिटक्या मारल्या की मध पास. तोंड वाकडं केलं की सगळा माल परत मधमाश्यांच्या पुढ्यात, मग बायको कितीही डोकं आपटो. मोठ्यांच्या कौतुकावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. धाकट्या लेकीनंतर घरात मूलच झालं नाही, म्हणून कॉलेजात गेली तरी ती बापाच्या बोटावरचा मध चाखत होती. मैत्रिणी खिदळायच्या. तिला मात्र त्याचा मोठा तोरा होता.

आता धाकटीचीच मुलगी सात महिन्यांची झाली होती, नुकती वरचं खाऊ लागली होती. आणि म्हातारा अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी थोरल्या मुलाला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, आता काही खरं नाही. भरलेल्या बरण्या भिंतीशी तशाच पडून होत्या.

"चिमणीला आण गं," म्हातारा म्हणाला. "आणि एक बरणी उघड."

धाकटी म्हणाली, "बाबा, वर्षाच्या आत मुलांना मध देत नाहीत. तिच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"माझासुद्धा?"

"कुणाचाच नाही. मधात एक जंतू असू शकतो. आपल्याला त्याचं काही होत नाही, पण तान्ह्या मुलाचं अंग लुळं पडतं. श्वास बंद होऊ शकतो."

"मग उकळून घे."

"घरी उकळून तो मरत नाही."

"तुम्हा दोघांना मी याच बोटाने भरवला. मेलात का?"

"नशीब आमचं," ती बोलून गेली आणि तिला जीभ चावावीशी वाटली.

थोरल्याने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"एका थेंबाने काय आभाळ कोसळणार आहे? त्यांचे राहिलेत किती दिवस?"

"आणि काही झालं तर? मी कुणाकडे बघू, दादा?"

"बरं, मग बोटाला कुस्करलेलं केळं लाव. हल्ली त्यांना दिसतंय कुठे."

रडता रडता तिला हसू आलं. दोन बोटांत मध चोळून त्यातलं पाणी सांगणारा माणूस, त्याला केळ्याने फसवायचं!

शेवटी लेकीला मांडीवर घेऊन ती खाटेशी बसली. म्हाताऱ्याने बरणीत बोट बुडवलं. बोट पुढे आलं. चिमणीने आपलं बोळकं उघडलं, समोर येईल त्याला उघडायची तसं. एकच थेंब, धाकटीच्या मनात आलं. या माणसाने आयुष्यात दुसरं मागितलंय तरी काय? बोट ओठांपाशी आलं, तशी ती झटकन वाकली आणि तिने ते स्वतःच्या तोंडात घेतलं.

चिमणी हक्काचं हिसकावल्यासारखी किंचाळली. थोरल्याने तिला उचलून बाहेर नेलं.

म्हातारा रागावला नाही. थोडा वेळ त्याला उमजलंच नाही. मग तो कोपरावर रेलला आणि डोळे बारीक करून धाकटीचा चेहरा बघू लागला, पूर्वी बघायचा तसाच.

मध अप्रतिम होता. तिला मिटक्या मारायच्या होत्या, पण हुंदका आधी आला. ओठ वाकडे झाले, हनुवटी थरथरली, डोळे घट्ट मिटले गेले.

"बिघडलाय," म्हातारा हळूच म्हणाला.

"नाही बाबा! गोड आहे. खूप छान झालाय."

"बोलू नको. तोंड दिसलं मला." त्याने उशीवर डोकं टेकलं. "दादाला सांग, हा माल विकू नको म्हणावं. शेवटचाच बिघडला बघ."

धाकटीने बरणी ओढली. बोटांनी मध ओरपला, मिटक्या मारल्या, गाल फुगवून हसून दाखवलं. "बघा ना, बाबा. एकदा बघा माझ्याकडे."

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.