पुढचा चाप

आमच्या सासऱ्यांना बंदुकीचं वेड आहे असं सांगितलं की माझी नाशिककडची माणसं जरा मागे सरकून बसतात. वेड म्हणजे काय, तर अड्यारच्या फ्लॅटमधल्या लोखंडी बीरोत, म्हणजे कपाटात, कुलपात ठेवलेली एक जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल, आणि क्लबात दरवर्षी होणारी जुन्या रायफलींची स्पर्धा. अप्पांनी, म्हणजे राजगोपालरावांनी, आयुष्यात कागदाखेरीज कशावरही गोळी झाडलेली नाही. घरात झुरळ निघालं तर ते मलाच हाक मारतात, तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या घडलेल्या त्यांच्या मराठीत.

त्या रायफलीला दोन चाप आहेत. मागचा ओढला की 'कट्' असा आवाज होतो, आणि मग पुढचा इतका हलका होतो की नुसत्या स्पर्शाने बार उडतो. बोटाच्या ओढीने नेम हलू नये म्हणून ही सोय. दोन्ही चापांच्या मधे एक बारीकसा स्क्रू असतो, त्याने हा हलकेपणा कमी-जास्त करता येतो. अप्पा या स्क्रूला कुणाला हात लावू देत नसत. माझ्या नवऱ्याला, श्रीवत्सलाही नाही, आणि तो तर त्यांचा पोटचा मुलगा.

म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी चाटच पडले. श्रीवत्स शनिवार असूनही शोळिंगनल्लूरला ऑफिसात गेला होता. मी गिंडीच्या एका कारखान्यात मोजमापाची गेज तपासते, त्यामुळे घरातले मिक्सरपासून नळापर्यंतचे सगळे स्क्रू माझ्याच नशिबी असतात.

"विद्युलते, पुढचा चाप लई हलका झालाय ग. थोडा जड कर."

"तुम्हीच करता ना नेहमी?"

"चष्मा बरोबर नाही."

चष्मा गेल्याच महिन्यात केला होता. पण म्हटलं, मान मिळतोय तर घ्यावा. रायफल रिकामी असल्याची त्यांनी आधी स्वतः खात्री केली, मलाही करायला लावली, आणि मग सरावाची खोटी गोळी आत घातली. मी स्क्रू थोडा फिरवला. त्यांनी मागचा चाप ओढला, समोरच्या भिंतीवरच्या खुणेवर नेम धरला. टक्.

"अजून हलकाच आहे."

पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. मग मी म्हटलं, बघू तरी, आणि माझं बोट लावून पाहिलं. चाप चांगलाच जड झाला होता, मला मुद्दाम दाबावा लागला. हे त्यांना हलकं कसं वाटतंय?

"अप्पा, हा जड आहे."

"तुम्हा कारखानेवाल्यांना काय कळतंय? फिरीव."

मला रागच आला. स्क्रू जाईल तितका फिरवून टाकला, रायफल त्यांच्या हातात दिली आणि त्यांची कॉफी आणायला आत गेले. परत आले तेव्हा ते नेम धरून बसले होते. श्वास रोखलेला, खांदा स्थिर. पंचाहत्तरीच्या माणसाचा इतका सुंदर नेम मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

टक्.

"अय्यो, बघितलीस? आपोआप सुटतेय! मी बोटच लावलं नव्हतं!"

मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. ते पुढच्या चापावर होतं. नुसतं टेकलेलं नव्हतं, दाबलेलं होतं. नख पांढरं पडलं होतं.

त्यांना साखरेचा आजार आहे, पावलं बधिर होतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हाताचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कदाचित स्वतःलाही नाही.

'हो, चाप झिजलाय, दुरुस्तीला देऊ' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण दुसऱ्याची रायफल मागून ते उद्या रेंजवर गेलेच असते. तिथे गोळी खरी असणार होती, आणि शेजारच्या चटयांवर पालथी पडून नेम धरणारी माणसं असणार होती.

"अप्पा," मी म्हटलं, "रायफल चांगली आहे. बोट बघा तुमचं."

त्यांनी खाली पाहिलं. मग बोट उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. डोळे मिटून एकदा टेकवलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"अस्की बोटं तशीच झालीत, सगळी," ते शेवटी म्हणाले. "डावी पण."

बोल्ट काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि फोन मागितला. क्लबाचा सेक्रेटरी मुरली त्यांचाच शिष्य. उद्या सगळ्यांच्या आधी येऊन अप्पांची चटई स्वतः अंथरणारा. त्याला हे काय सांगणार?

"अप्पा, ताप आलाय म्हणून सांगा ना. कशाला उगीच..."

"ज्वर मणलो तर तो मला पुढच्या स्पर्धेला बोलावील."

"बोलावू दे. तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा मी जाईन ग," अप्पा म्हणाले. "मला ठाऊक आहे. मी जाईन."

नंबर मलाच लावावा लागला. मग ते तमिळमध्ये मुरलीशी बोलले, अगदी सावकाश. माझ्या बोटाला चाप कळत नाही, माझं नाव काढ, आणि पुन्हा मी कितीही मागितलं तरी मला रायफल देऊ नकोस. तेच वाक्य त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्याच्याकडून 'सेरि, सर', म्हणजे 'बरं, सर', असं म्हणवून घेतलं.