जावयाचा डाउनपाईप

टाकीवाल्यांचा जावई गेले दोन महिने एका पाईपसाठी झुरत होता.

टाकीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दूध डेअरीत चौतीस वर्षं त्यांनी स्टीलच्या टाक्या आणि नळ वेल्डिंग करून जोडले, म्हणून तिथल्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. निवृत्त झाल्यावरही ते चिकटून राहिलं. माणूस मुळातच मितभाषी, आणि जावयाशी तर विशेषच. लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तरी सासरे-जावयाचं बोलणं "काय म्हणताय?" आणि "बरं चाललंय" यापुढे सरकलं नव्हतं. टाकीवाले त्याला अहो-जाहो करत. जावई त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसे, जणू कुणीही येऊन उठवणार आहे. घरात टीव्ही चालू असला की दोघांनाही हायसं वाटे.

जावयाचा सगळा जीव त्याच्या गाडीत. छोटीशी लाल गाडी, टर्बो इंजिनाची, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. टर्बोतून निघणारा तापलेला धूर खाली वळवून सायलेन्सरकडे नेणारा, गुडघ्यात वाकवलेल्या पायासारखा एक पाईप असतो, त्याला म्हणतात डाउनपाईप. तो तडकला होता. गाडी सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. कंपनीने तो पाईप बनवणं कधीच बंद केलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणीतरी बनवलेला घेणं भाग होतं. आणि दुसरे बनवणारे काय, मोजता येणार नाहीत इतके.

जावयाने कॉम्प्युटरवर तक्ता केला. पाईपची जाडी, व्यास, धातू, वजन, कोण काय म्हणतो. तक्ता वाढत गेला, पाईप काही घरी येईना.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा लेकीचा संयम सुटला.

"मला होकार द्यायला यानं दोन दिवस घेतले होते, बाबा. पाईपला दोन महिने झाले! तुम्ही आयुष्यभर पाईपच जोडलेत ना? याला घेऊन जा. पाईप घेतल्याशिवाय दोघांनी दारात पाऊल टाकायचं नाही."

"अगं, मला गाड्यांतलं काय कळतं?" टाकीवाले म्हणाले.

"पाईपातलं कळतं ना? मग झालं," असं म्हणून त्यांच्या बायकोने लेकीचीच री ओढली, आणि विषय मिटला.

टाकीवाल्यांना जायचं नव्हतं, याला कारण होतं. गेले आठ महिने त्यांचा उजवा हात थरथरत होता. फार नाही, पण पेला भरलेला असला की कळायचं. म्हणून ते चहा अर्धाच घेत, सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणत. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. ज्या हाताची डेअरीत लोक शपथ घ्यायचे त्या हाताचं असं झालंय, हे ते स्वतःशीही धड कबूल करत नसत.

गाडीत बोलायचा प्रश्नच आला नाही. त्या आवाजात बोलणार कोण? खरं तर दोघांचीही सोयच झाली.

गाड्यांच्या सुट्या भागांचा दुकानदार गोलमटोल आणि हसरा होता. त्याने फळीवर तीन पाईप ओळीने मांडले. पहिला आरशासारखा चकाकणारा, तीन इंची. दुसरा साधा आणि रिकामा, त्यात धुरातलं विष मारणारा कन्व्हर्टरच नव्हता. तिसरा अडीच इंची, कन्व्हर्टर असलेला, पण रंगाने मळकट. दोन भाऊ आपल्या शेडमध्ये बनवतात, एवढीच त्याची ओळख.

जावई सरळ पहिल्याकडे गेला. लहान मूल खेळण्याला हात लावतं तसा त्याने पाईपवरून हात फिरवला.

"हा बसवा," दुकानदार म्हणाला, "उद्या तुमची गाडी तुम्हालाच ओळखू येणार नाही."

टाकीवाले इतका वेळ हाताची घडी घालून मागे उभे होते. ते पुढे झाले.

"बॅटरी आहे का हो?"

बॅटरी डाव्या हातात धरून त्यांनी चकचकीत पाईपच्या तोंडातून आत उजेड टाकला, मग बोट घालून आतला जोड चाचपला. बोट बाहेर काढून जावयापुढे धरलं. टोक काळं झालं होतं.

"तुम्ही घाला बोट. सांभाळून, कापेल."

जावयाने घातलं. "खरखरीत आहे. मीठ लावल्यासारखं."

"वरून पॉलिश मारलंय, आतून जोड करपलाय. दुधाच्या नळात माझा असा जोड निघाला असता ना, तर साहेबांनी मलाच टाकीत बुडवलं असतं. दूध तिथेच अडतं, नासतं. धूर नासत नाही, पण अडखळणार तोही. आणि चिरणार इथूनच."

दुकानदाराचं हसू जरा आटलं. "मग हा दुसरा घ्या. हलका आहे. कन्व्हर्टर हल्ली सगळेच काढून टाकतात."

"गाडीत कोण बसतं?" टाकीवाल्यांनी जावयाला विचारलं.

"मी. आणि ही."

"आणि मागे गल्लीतली पोरंबाळं असतात."

"तो मी घेणारच नव्हतो, बाबा. तपासणीतही नापास होईल. तक्त्यात लाल रंगाने खोडलाय." जावई घाईघाईने म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "आणि खरं सांगू? माझ्या इंजिनाला अडीच इंच भरपूर आहे. तीन इंची गतिरोधकाला घासेल. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग दोन महिने काय केलंत?"

"तो दिसायला छान आहे हो."

टाकीवाले हसले. नुसते ओठ हलवून नव्हे, चांगले खो-खो हसले. "अहो, गाडीखाली झोपून बघणार आहे कोण?"

तिसऱ्या पाईपमध्ये बोट घालून त्यांनी डोळे मिटले. आतला जोड गुळगुळीत होता, जेमतेम जाणवेल इतका. "हे भाऊ कोण आहेत माहीत नाही," ते म्हणाले, "पण त्यांना कुणीतरी रागावून शिकवलंय."

पाईप ठरला. गाडी वर उचलली, मेकॅनिकने जुना काढून नवा लावला, आणि तिथे घोडं अडलं. वरचं तोंड टर्बोला चपखल बसलं, पण खालची फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची चकती, थोडी तिरकी येत होती.

"बोल्ट आवळला की येईल ओढून," मेकॅनिक म्हणाला.

"येईल. आणि वर्षभरात तडकेल," टाकीवाले म्हणाले. "फ्लँज कापून सरळ जोडायला हवी."

"आमचा वेल्डर आज रजेवर आहे," दुकानदार म्हणाला. कोपऱ्यातल्या आर्गॉन वेल्डिंगच्या मशीनकडे त्याची नजर गेली, तिथून ती टाकीवाल्यांकडे आली. "पण तुम्ही तर..."

"मी सोडलंय आता. आणि चष्माही नाही आणलेला."

"चष्मा तुमच्या खिशात आहे, बाबा," जावई म्हणाला. मग त्यांना बाजूला घेऊन, मशीनच्या पलीकडे, हळूच बोलला, "हात मी पाहिलाय. तुम्ही चहा अर्धा घ्यायला लागलात तेव्हापासून. कुणाला बोललो नाही."

आठ महिने ज्याच्यापासून लपवायचं म्हणून टाकीवाले टीव्हीकडे तोंड करून बसत होते, तो टीव्ही बघतच नव्हता तर!

"नाही करायचं तर नका करू. आपण सोमवारी येऊ," जावई म्हणाला. "करायचंच असेल, तर हात टेकायला माझा हात आहे."

टाकीवाल्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "जाड हातमोजा घाला. कोपरापर्यंतचा."

पुढचा पाऊण तास त्या दुकानात दुसरं कसलंच काम झालं नाही. टाकीवाल्यांनी गाडीखाली फ्लँजच्या खुणा केल्या, पाईप खाली उतरवून ती कापून घेतली, कडा घासून लख्ख केल्या. पाईपची तोंडं बंद करून आत गॅस सोडला, म्हणजे आतून जोड करपू नये. मग जावयाने फळीवर हात आडवा ठेवला, त्यावर त्यांनी आपलं मनगट टेकलं, आणि दोघांनी तोंडावर काचा ओढल्या.

निळा उजेड पेटला. पहिल्या अर्ध्या इंचात हात थरथरला. मग मनगटाखालचा तो आडवा हात किती घट्ट आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांचं मनगट त्याच्यावर विसावलं. बोटांना आपलं जुनं काम आठवलं.

"अरे, हलू नकोस! श्वाससुद्धा हळू घे. हं, आता सरक माझ्याबरोबर. शाब्बास!"

काच वर केल्यावर दोघेही घामाने निथळत होते. जोडावर माशाच्या खवल्यांसारख्या बारीक कडा एकापुढे एक बसल्या होत्या. मेकॅनिकने शीळ घातली. टाकीवाल्यांनी मात्र सुरुवातीच्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे हललाय. टिकेल, पण हललाय."

"मला तर दिसत नाही," जावई म्हणाला.

"तुला नाही दिसणार. मला दिसतो."

पाईप बसला तो अगदी आपसूक. गाडी सुरू केली तर खोल, मऊ घुमल्यासारखा आवाज आला. परतीच्या रस्त्यावर आता बोलायला काही अडचण नव्हती. सिग्नलला जावई म्हणाला, "सोमवारी मी रजा टाकतो. डॉक्टरांना दाखवू."

"आणि त्यांनी भलतंसलतं काही सांगितलं तर?"

"तर दोघं मिळून ऐकू."

टाकीवाले म्हणाले, "घरी मात्र मी सांगणार. माझ्या तोंडाने."

त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. बायको आधी रडली, मग आठ महिन्यांचा राग एकदम काढला. लेक बापाच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन नुसती कुरवाळत राहिली.

सोमवारी डॉक्टरांनी बोटं नाकाला लावायला सांगितली, चालायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ ओढायला लावली. मग म्हणाले, ज्याची धास्ती घेतली होती तो कंपवात हा नव्हे. काहींना वयानुसार अशी थरथर येते. एक गोळी सुरू करू, सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, आणि चहा जरा कमी.

दवाखान्याबाहेर येऊन दोघे गाडीत बसले. जावयाने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण गाडी काही निघाली नाही. टाकीवाल्यांनी त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं होतं.

"मला एक सांग," ते म्हणाले. "हा टर्बो आत नेमकं करतो तरी काय?"

जावयाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. सासरे खरंच विचारतायत, की नुसतं त्याचं मन राखतायत? टाकीवाल्यांनी सीट मागे सरकवली होती, पाय लांब केले होते.

जावयाने गाडी बंद केली आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. लेकीचे दोन फोन येऊन गेले, तरी तो अजून टर्बोतल्या पंख्याच्या पात्यांपर्यंतच पोहोचला होता.