पाभर इथं, बैल तिथं

मी पाभर बोलतेय, पेरणीचं अवजार. पाथर्डीकडच्या एका वाडीत सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. पुढं बैल, मागं मी, माझ्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, कुणीतरी मूठ धरलेली, अन् बी नळ्यांतून मातीत उतरतंय, यातच माझा जन्म गेला. बैल नसले की मी नुसतं लाकूड.

बहात्तरच्या दुष्काळात वाडीतली जनावरं गेली. आसाराम आणि सूर्यभान हे वेगळे राहणारे भाऊ. दोघांत मिळून बैलांची एकच जोडी उरली, अन् पाभरही मी एकटीच. ती धाकट्या सूर्यभानच्या दावणीला, अन् मी आसारामच्या पडवीत. पुढच्या साली पाऊस बरा झाला, रानं वाफशावर आली, म्हणजे पेरण्याजोगी ओल धरली, आणि दोघंही अडून बसले.

"आधी बैलं दे," आसाराम म्हणाला. "तुला पाभर दिली तर तू पेरून घेशील अन् गाडी जुपून ऊसतोडीला जाशील."

"आधी पाभर दे, दादा. बैलं तुझ्याकडं गेली तर तवर माझं रान वाळंल."

चार दिवस गेले. बी पोत्यातच. आसारामची बायको बायडाबाई रोज रानात जाऊन मातीत बोट खुपसून बघायची. पाचव्या सकाळी ती परतली आणि मला खांद्यावर घेऊन निघाली. मी जड. वाटेत ती दोनदा थांबली. दिराच्या बांधावर तिनं मला टेकवलं.

"भावजी, तुमचं आधी पेरा. झालं की दोन्ही आमच्याकडं आना. दोघंबी धरून बसलो तर कुनाचंच पेरायचं न्हाई."

"दादाला इचारलं?"

"न्हाई."

सूर्यभान बैल सोडायला गेला.

दोन दिवसांनी तो बैलांसकट मला घेऊन आला. पण बायडाबाईच्या रानाच्या वरच्या पट्टीतली ओल तोवर उडाली होती. तिथं ज्वारी विरळ उगवली. दोघा भावांना तिनं एवढंच सांगितलं, "हितून पुढं एक वस्तू नेऊन दुसरीची वाट बघायची न्हाई. दोन्ही मोकळ्या असल्या तरच हात लावायचा, अन् काम झालं की दोन्ही सोडायच्या."

आसाराम म्हणाला, "व्हय. तसंच करू."

पुढच्या साली वाफसा आला तेव्हा सूर्यभान बैल घेऊन पडवीशी आला. बायडाबाई बी निवडत होती.

"न्या भावजी, पाभर मोकळीच हाय."

त्यानं मला जुपलं आणि थेट तिच्या वरच्या पट्टीकडं वळवलं. "वैनी, चाड्यावर मूठ धरायला या," म्हणाला.

आता माझा एक फण, मातीत शिरणारा दात, झिजलाय. सुताराकडं न्या, पण पेरणीआधी परत आणा. माझ्यासाठी दोन घरांचं बी थांबलेलं असतं.