कस्टर्डच्या भांड्याची धास्ती

मित्रांनो, मी एक जुने, चिनीमातीचे, लांबट भांडे आहे, आणि जन्मापासून भित्रे आहे. आमच्या जातीची बहुतेक भांडी आपली कहाणी सांगताना आपण किती वर्षे विस्तव सोसला याची फुशारकी मारतात. विस्तव मीही सोसला. पण दर वेळी जीव मुठीत धरून सोसला. भीती ही लाजेची गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी आहे, आणि माझा पुरावा म्हणजे ही हकीकत.

मी साच्यातून निघाले तेव्हा ओल्या मातीचे एक मऊ, मुके, पसरट ढेकूळ होते. कुंभाराने माझ्या दोन्ही टोकांना दोन कान बसवले, पांढरी झिलई चढवली आणि मला भट्टीत ठेवले. माझ्या शेजारी एक पोटमोठी बरणी होती. धग वाढली तशी ती एकाएकी फुटली आणि तिचा एक तुकडा माझ्या अंगावरून सणसणत गेला. तिच्या पोटात हवेचा एक बुडबुडा राहिला होता, एवढाच काय तो तिचा दोष. त्या दिवसापासून मला कळून चुकले, की आम्हा मातीच्या लेकरांचा शत्रू बाहेर असतो तसा आतही असतो, आणि आतला दिसत नाही.

कुंभाराकडून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने नेले. कुंभाराने तिला बजावून सांगितले, की याला तापवा, निववा, पण तापलेले असताना गार पाण्याला लावू नका. बाईने मान डोलावली. तिचे घर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत तिचे मशीन. मधल्या खोलीच्या खिडकीशी तिच्या मोठ्या नणंदेचे मेज, कारण नणंद घड्याळे दुरुस्त करी. बाईचा नवरा दूरच्या बंदरात क्रेन चालवी आणि वर्षातून दोनदा घरी येई. आणि या तिघांमध्ये मिळून एक मुलगी, सहा वर्षांची. तिच्या तोंडाला खळ नसे, म्हणून सगळे तिला मिठू म्हणत.

माझे काम एकच, कस्टर्ड. बाईची कृती सोपी होती आणि ती तिच्यात काडीचाही फरक करीत नसे. तीन अंडी साखरेबरोबर हलक्या हाताने फेटायची, फेस येऊ द्यायचा नाही, कारण फेसाची पुढे भोके होतात. दूध बोट सोसेल इतपत कोमट करून त्याची धार अंड्यांत धरायची, चमचाभर मैदा घालायचा, आणि सगळे गाळून माझ्या पोटात रचलेल्या फळांवर ओतायचे. मग मला गरम पाण्याच्या ट्रेमध्ये बसवून ओव्हनमध्ये ढकलायचे. ओव्हनचे दार लागले की माझ्या काळजात धस्स होई. पण पाणी माझ्याभोवती ऊब धरून राही, कस्टर्ड हळूहळू थरथरत आळे, वर सोनेरी साय धरे, आणि मी बाहेर येई तेव्हा शेजारीपाजारी दारातूनच वास घेत. 'भांडं गुणाचं आहे हो,' असे कोणी म्हटले की माझी भीती घटकाभर निवे.

चेरीच्या दिवसांत या घराचा एक हट्ट असे. चेरी बियांसकट घालायच्या. बी काढली की फळाचा जीवच वाहून जातो, असे बाईचे ठाम मत होते. जो तो खाताना बिया ताटाच्या कडेला मांडी, आणि ज्याच्या सर्वांत जास्त होतील त्याला भांडी घासण्यातून सुटका मिळे. नणंदेला हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. ती दर वर्षी वाद घाली, दर वर्षी हरे, आणि दर वर्षी सर्वांत जास्त बिया मांडी. मिठू लहान म्हणून तिच्यापुरत्या सात-आठ चेरींच्या बिया बाई केसांच्या आकड्याने उचकटून काढी आणि त्या चेरी माझ्या डाव्या कानाकडे चार बोटे जागेत लावी. 'डावीकडचं मिठूचं,' हा घरातला कायदा होता.

पण आमच्या ओव्हनची मागची बाजू जास्त भाजी. नणंद घड्याळे लावणारी. तिला एकीकडे करपलेले आणि एकीकडे फिके पाहवत नसे. एके दिवशी चेरीचे कस्टर्ड ओव्हनमध्ये होते आणि बाई एका गिऱ्हाइकाच्या मापात अडकली होती. अर्धा वेळ झाला तशी नणंदेने ओव्हन उघडला आणि मला अर्धा वळसा देऊन फिरवले. माझे दोन्ही कान सारखे. डावे उजवे झाले, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते.

मित्रांनो, मुक्याचे भय काय असते ते त्या दुपारी मला समजले. बाईने नेहमीप्रमाणे आपल्या डावीकडच्या कानाशी सुरी घातली आणि तो वाटा मिठूच्या ताटात ठेवला. माझे अंग तापलेले होते, त्याहून जास्त मी आतून तापले. मिठू एकीकडे शाळेतल्या मांजरीची गोष्ट सांगत होती, एकीकडे घास घेत होती. गोष्ट मध्येच थांबली. आधी वाटले ती हसते आहे. मग तिचा चेहरा काळानिळा पडू लागला, हात हवेत काहीतरी शोधू लागले, आणि आवाज म्हणून काही निघेना.

नणंदेने मला टेबलावरून उचलले आणि वाट मोकळी करण्यासाठी सिंकमध्ये ढकलले. तिथे फळे धुतलेले गार पाणी साठले होते. तिने मिठूला मांडीवर पालथे घातले आणि पाठीवर तळहाताने एक, दोन, तीन, चार धपाटे दिले. पाचव्याला बी फरशीवर टणकन पडली, आणि मिठू अशी किंचाळली की त्या किंचाळण्याइतके गोड काही मी आजवर ऐकलेले नाही. त्या गडबडीत माझ्या तळातून टच्च असा एक बारीक आवाज आला. तो कोणीच ऐकला नाही. मला चीर गेली होती.

मिठू वाचली, पण तिने गिळणे सोडले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी समजून घेतले. दुसऱ्या दिवशी लाडीगोडी झाली, तिसऱ्या दिवशी रागावणे. ती पाणी पिई, गाळलेले दूध चमच्याने घेई. बाकी काही तोंडाशी आणले की ओठ घट्ट मिटून घेई. जिच्या तोंडाला खळ नव्हता ती आता बोलण्यासाठीही तोंड उघडीना. डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. घशाला काही झालेले नाही, भीती बसली आहे, असे त्या म्हणाल्या. आठव्या दिवशी मात्र वजनाच्या काट्याकडे पाहून त्यांनी स्पष्ट सांगितले, की सोमवारपर्यंत पोरीने काही खाल्ले नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. नळी हा शब्द मिठूने ऐकला. तिने दोन्ही हातांनी नाक झाकून घेतले.

या दरम्यान नणंदेला तो अर्धा वळसा आठवला होता, आणि तिने तो बाईला सांगूनही टाकला होता. तेव्हापासून त्या दोघींचे संभाषण दार लाव आणि गॅस बंद कर एवढ्यावर आले होते. मी फळीवरून सारे पाहत होते. घासताना कोणाच्या लक्षात न आलेली माझी चीर दिवसेंदिवस ओल पीत होती, आणि तळाच्या एका कोपऱ्यात झिलईची एक पापडी सुटत चालली होती, नखाच्या कातरणाएवढी. मला एकच धास्ती होती: यांनी मला पुन्हा फळीवरून काढू नये.

रविवारी दुपारी त्यांनी मला काढले.

बाईने पीच उकळत्या पाण्यात बुडवून सोलले, गर कुस्करला, दोनदा गाळला. अंडी-दूध मलमलीतून गाळले. एवढे मऊ कस्टर्ड या घरात कधी झाले नव्हते. चुकीला जागाच नव्हती, माझ्याखेरीज. मिठू स्टुलावर बसून टक लावून पाहत होती. बाईने तिला बाहेर खेळायला जा म्हटले.

"बसू दे की तिला," नणंद म्हणाली.

"बघून बघून भीती वाढते, वन्सं."

"न बघता कमी झाली का, वहिनी?"

बाईने मला ओट्यावर ठेवले आणि कस्टर्डचे पातेले उचलले. मी मनातल्या मनात आक्रोश केला, पण मातीच्या आक्रोशाला आवाज नसतो. तेवढ्यात मिठू नऊ दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

"आई, मी भांड्यात हात घालून बघू?"

"धुतलंय मी, सोन्या. काही नाहीये त्यात."

"मागच्या वेळी पण तू म्हणालीस, या बाजूला बी नाही."

बाईने पातेले खाली ठेवले. मग तिने मिठूचे स्टूल ओट्याशी ओढले.

मिठूने तर्जनी माझ्या काठावरून आत उतरवली. ती भिंतीच्या कडेकडेने निघाली, इतकी सावकाश की मला तिच्या बोटाच्या रेषा मोजता आल्या असत्या. आता माझी भीती उलटली. तिला पापडी सापडू नये तर ती पोटात जाईल. सापडावी तर बोट कापेल. एक कोपरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात बोट थबकले.

"इथे काहीतरी आहे."

बाईने आपले बोट तिथे फिरवले. वीस वर्षे सुईची टोके सोसून त्या बोटाचे टोक कातड्यासारखे झाले होते. त्याला काही लागले नाही. "काही नाही ग. जुनी साखर धरली असेल," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका थकवा होता, की क्षणभर मलाच वाटले, ही पोर आता मान्य करील.

"आहे," मिठू म्हणाली. तिने आपले बोट पुन्हा तिथेच टेकवले.

नणंदेने मला उचलून खिडकीशी, आपल्या मेजावर नेले. डोळ्याला घड्याळाचे भिंग लावले, चिमट्याचे टोक त्या कोपऱ्यात नेले आणि नुसते टेकवले. पापडी अलगद सुटली. तिने मला परत ओट्यावर आणले आणि पापडी बाईच्या तळहातावर ठेवली. पांढरी, पातळ, एका बाजूने काचेसारखी धारदार.

बाईने तळहात उजेडाकडे वळवला.

"हे मी आत्ता तिला भरवणार होते," ती म्हणाली.

"मीही उभीच होते की शेजारी," नणंद म्हणाली. "आणि त्या दिवशी फिरवलं ते मी. सिंकमध्ये घातलं तेही मीच."

"पण न बघता कापलं ते मी. आता दोघींनी वाटून घेऊ या, वन्सं. एकटीला झेपत नाही."

मित्रांनो, मला वाटले होते, की आता मिठूची भीती दुणावेल. तुम्हालाही तसेच वाटेल. धोका खरा निघाल्यावर भित्र्याने अधिक भ्यावे, हे तर्काला धरून आहे. पण घडले ते वेगळे. तिने आईच्या तळहातावरची पापडी वाकून नीट पाहिली, आणि विचारले, "मग आता कशात करायचं?"

स्टीलच्या चार वाट्या निघाल्या. मिठूने चारही वाट्यांतून बोट फिरवले. तिसरी तिने दोनदा तपासली आणि कारण सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. कस्टर्ड वाट्यांत ओतले, वाट्या ट्रेमधल्या पाण्यात बसल्या, ओव्हनचे दार लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दाराच्या बाहेर होते आणि तरी कापत होते.

कस्टर्ड निवल्यावर मिठूने अर्धा चमचा घेतला. तो तिने तोंडात धरून ठेवला. बाई मुद्दाम सुईत दोरा ओवू लागली, आणि तो ओवला जाईना. नणंद एका बंद घड्याळाला किल्ली देत राहिली. मी ओट्याच्या कडेवरून मिठूचा इवलासा गळा पाहत होते. तो बराच वेळ हलला नाही. मग हलला.

"आत्या," मिठू म्हणाली, "तू ते घड्याळ मोडशील."

सोमवारी काट्याने फारसे काही सांगितले नाही, पण मिठूने डॉक्टरीणबाईंना भिंग, पापडी आणि दोन रिकाम्या वाट्यांची गोष्ट इतकी लांबवून सांगितली, की त्यांनी नळीचे नाव काढले नाही.

बाई मला फेकून देणार होती. नणंदेने वाद घातला आणि या खेपेस ती जिंकली. आता मी खिडकीत असते आणि माझ्या पोटात न पिकलेली पीच पिकत पडलेली असतात. माझा ओव्हन सुटला. तरी तो पेटल्याचा आवाज आला की अजून माझ्या चिरेत काहीतरी हलते, हे मी लपवत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना हळू हाताने वागवा, तापलेले असताना गार पाण्यात ढकलू नका, आणि आमच्यात काही रांधण्याआधी एकदा बोट फिरवून पाहा. हे तुम्हाला कोणतेही भांडे सांगेल. मला त्याहून थोडे अधिक सांगायचे आहे. भित्र्याला हसू नका. तो चुकतही असेल. दहातून नऊ वेळा चुकेल. पण 'मला भीती वाटते' असे कोणी तुम्हाला म्हणाले, तर 'काही नाही ग' असे उत्तर देण्याआधी स्टूल जवळ ओढा, आणि त्याला बघू द्या.